कुंकवाखालचा मस

बायांनो, जरा इकडे कान करा. बापे वाचत असतील तर त्यांनीही उठून जाऊ नये. ही गोष्ट कपाळाची आहे, आणि कपाळ कुणाला नसतं?

निलंग्याहून कर्नाटकच्या अंगाला गेलं की एक बारकं गाव लागतं. त्या गावात केवळाबाईचं कुंकू म्हणजे देवळाच्या कळसासारखं. लांबून दिसायचं. बंद्या रुपयाएवढं, गरगरीत, लालभडक. कुणाच्या सुनेने टिकली लावलेली दिसली की केवळाबाई भर रस्त्यात थांबायची. "हे काय लावलंस गं, मुंगीचं अंडं? नवरा तेवढाच हाय का तुझा?" सून बिचारी पदर ओढून पळायची.

तिचा रोजचा नेम ठरलेला. न्हाणं झालं की आधी पदराने खसाखसा घासून कालचं मेण काढायचं. मग पितळी डबीतलं ताजं मेण कपाळाच्या मधोमध थापायचं, आणि त्यावर कुंकू दाबून बसवायचं. पन्नास वर्षांत एक दिवस खाडा नाही. आणि नेमका तिथेच, त्या मेणाखाली, एक मस होता. जन्मापासूनचा, मसुरीच्या डाळीएवढा. लग्नात सासूने तो बघितला आणि म्हणाली, "लक्ष्मीनं बोट टेकवलंय पोरीच्या कपाळावर." झालं! केवळाबाईने लक्ष्मीचं बोट कुंकवाखाली झाकून ठेवलं, ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. खुद्द नवऱ्यालाही नाही.

घराला लागून धाकट्या जावेचं घर. कस्तुराबाई तिचं नाव. तिचा नवरा भागवत छातीत कळ येऊन गेला, त्याला बारा वर्षं झाली. कस्तुराबाई म्हणजे हाताला चव, पायाला चाक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केवळाबाईकडे गावातल्या शंभर बाया यायच्या, त्या शंभरांचे तिळाचे लाडू कस्तुराबाई वळायची. पण आतल्या खोलीत बसून. बाहेर ओसरीवर बाया जमल्या की ती दाराआड. तिला कुणी कधी "येऊ नको" असं म्हणालं नव्हतं. म्हणावं लागत नाही, हेच तर आपल्याकडचं वाईट!

तर, दसऱ्याच्या सुमारास केवळाबाईच्या कपाळाला खाज सुटली. मसाच्या शेजारी काहीतरी टणक, चकचकीत उगवलं होतं. घासलं की चिघळायचं, खपली धरायचं, पुन्हा घासलं की पुन्हा चिघळायचं. आता दुसरी कुणी असती तर डॉक्टरला दाखवून आली असती. पण केवळाबाई! तिने आयुष्यभर गावाला औषध सांगितलेलं, ती कुणाला विचारणार? "मसाला घोड्याच्या शेपटीचा केस बांधावा," हे तिचंच औषध. तुळशीचं लग्न झालं, माणसांची लग्नं लागली, गावात एका वरातीला घोडी आली. नवरदेव फेटा बांधून वर बसलेला. केवळाबाई ओवाळायला म्हणून गेली, आणि मागून हळूच शेपटीचा केस उपटला! घोडी अशी उधळली, की नवरदेव मांडवात उतरायच्या ऐवजी उकिरड्यावर उतरला. वाजंत्री आडवे, वऱ्हाडी आडवे. केवळाबाई मात्र केस मुठीत धरून, तोंड साधं करून, घरी.

केस बांधला. मस काळानिळा पडला, गळून काही पडला नाही. मग चुना लावला. कातडं भाजून निघालं. आणि वरून पुन्हा मेण, पुन्हा कुंकू. कुणाला कळणार? रक्त आलं तरी कुंकवात मिसळायचं. दोन्ही लालच की!

येळवस आली. आमच्याकडची वेळा अमावस्या म्हणजे घरटी कुलूप आणि अख्खं गाव शेतात. कडब्याची खोपटासारखी कोप, डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. लातूरला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली नात तनुजा सुट्टी काढून आली होती. जेवण असं झालं, की केवळाबाई लिंबाखाली आडवी झाली ती घोरायलाच लागली. उशाला नवऱ्याचा पांढरा टॉवेल. सटवाजी म्हणजे तिचा नवरा, शहात्तर वर्षांचा, हाडाने बारका आणि जिभेने मिस्कील.

ती उठली तेव्हा तनुजाने टॉवेल घडी घालायला घेतला आणि थांबली.

"आज्जे, हे काय?"

"कुंकू हाय. दुसरं काय असणार?"

"कुंकू गुलाबी पसरतंय. हे मधलं तपकिरी कडक झालंय. हे रगत हाय."

"तुझ्या कॉलेजात हेच शिकवतेत का? टॉवेल बघायला?"

"आज्जे, कुंकू पूस. मला बघू दे."

कोपीत बसलेल्या बाया माना वळवून बघायला लागल्या. केवळाबाईचे डोळे मोठे झाले. "मालक समोर बसून उंडे खायलेत, अन् मी कपाळ पुसू? कार्टे, जिभेला काही हाड?"

सटवाजीने हातातला उंडा खाली ठेवला. "आगं, कुंकू कुणाच्या नावाचं हाय? माझ्याच ना? मग मालक म्हणून मीच सांगतो, पूस."

"तुमी उंडे खावा!"

पण तनुजा त्याच आजीची नात. आज्जीने एक बोलावं, तर तिने दोन. शेवटी ठरलं, की लातूरला जायचं, नुसतं दाखवायचं, आणि दाखवून परत यायचं. एसटीत म्हातारीला अर्धं तिकीट आणि म्हाताऱ्याला फुकट, यावरून केवळाबाई निलंग्यापासून लातूरपर्यंत सरकारला बोलत होती.

दवाखाना खाजगी होता, कातडीच्या डॉक्टरचा. बाहेर मोठा बोर्ड, "चामखीळ, तीळ, मस जाळून काढले जातील", आणि बाजूला एका गोऱ्यापान पोरीचा फोटो. केवळाबाई दारातच अडली. "हे नटव्या पोरींचं दुकान हाय. मला काय फोटू काढायचाय का?"

डॉक्टर जेबा तिशीतली, हसरी. लातूरच्याच जुन्या कापडवाल्यांच्या घरातली. तिने खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, "मावशी, मेण काढल्याशिवाय मला काही दिसणार नाही."

"मी काढणार न्हाई."

"मी काढू?"

"तू तर मुळीच न्हाई."

"मग काकांना काढू द्या. ते तर तुमचेच आहेत."

सटवाजीने कापूस ओला केला आणि बायकोसमोर उभा राहिला. मेण हळूहळू निघत गेलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याने तिचं कपाळ पाहिलं. जरा वेळ बघतच राहिला आणि म्हणाला, "आगं केवळे, तुला कपाळबी हाय व्हय!"

केवळाबाईला हसू आलं, आणि हसताना डोळ्यात पाणीही आलं. का आलं, ते तिचं तिलाच कळेना.

डॉक्टरीणबाईने दिव्याचं भिंग लावून बराच वेळ बघितलं. कधीपासून आहे, वाढतंय का, चिघळतंय का, सगळं विचारलं. घोडीच्या केसाचं ऐकून तिने भिंग बाजूला ठेवलं.

"मावशी, तुमचा जुना मस साधा आहे. त्याच्या शेजारी जे उगवलंय, ते मला बरं दिसत नाही. सुई देऊन जागा बधिर करू, ते कापून काढू, आणि तुकडा तपासायला पाठवू."

"बोर्डावर तर लिहिलंय जाळून काढतेत म्हणून. घे जाळून, मी बसते."

"साधी चामखीळ जाळता येते. हे जाळलं तर तपासायला काय पाठवू? राख?"

केवळाबाईने कपाळाला हात लावून पाहिला.

"अन् मग कुंकू?"

"तीन आठवडे काही नाही. कुंकू नाही, मेण नाही, टिकलीसुद्धा नाही. जखम भरू द्यायची."

केवळाबाई उभीच राहिली. "पंधरा दिसांवर संक्रांत आली. माझ्या दारात शंभर बाया येतेत. मी काय उघडं कपाळ घेऊन बसू? संक्रांत झाली की येते."

"मावशी, हे दसऱ्याला उगवलं, तुम्ही दिवाळी होऊ दिलीत. दिवाळी झाली, येळवस होऊ दिलीत. तुमचे सण संपायचे नाहीत, आणि हे काही सण पाळत नाही."

पण ऐकेल ती केवळाबाई कसली! आले तसे दोघं परत. तनुजा रुसून कॉलेजला राहिली. सटवाजी वाटभर बोलला नाही. तोंडाला कुलूप नसलेला माणूस गप्प बसला की घर कसं खायला उठतं, ते ज्याचं त्याला माहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कस्तुराबाई तीळ निवडायला आली. सुपात तीळ, समोर दोघी जावा. कपाळावर पुन्हा मेण आणि कुंकू चढलं होतं, आणि कुंकवाच्या कडेने बारीक ओल आली होती. कस्तुराबाईने बघितलं. थोडा वेळ खडे वेचत राहिली आणि मग म्हणाली, "आक्का, किती दिस म्हणली डॉक्टरीण, कपाळ मोकळं ठेवा म्हणून?"

"तीन आठवडे. येडी हाय ती."

"मला बारा वर्सं झाली."

केवळाबाईचा हात सुपात थांबला.

"ह्या उघड्या कपाळानं मी रान कसलं. पोराला शिकवून नोकरीला लावलं. तुमच्या दोन सुनांची बाळंतपणं ह्याच कपाळानं केली. त्या लेकरांना पहिल्यांदा हातात मीच घेतलं. तवा ह्या कपाळानं कुणाला चावलं का?"

"कस्तुरे, मी तुला कधी काय बोलले का?"

"बोलला न्हाईत. तुमी पंचमीला पोरींना झोका बांधून देता, पोळ्याला बैलालाबी कुंकू लावता. मी आत बसून लाडू वळते. बोलायचं काय राहिलं त्यात?" कस्तुराबाईचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्तच लागला. "खरं सांगू आक्का? तुमाला मरणाचं भ्या न्हाई वाटत. तुमाला माझ्यासारखं दिसायचं भ्या वाटतंय."

बाप रे! साठ-पासष्ट वर्षांत केवळाबाईला असं कुणी सुनावलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. तिच्याकडे शिव्यांची काही कमतरता नव्हती, पण एकही ओठावर येईना. कारण ते खरं होतं! अगदी खरं होतं!

"भाऊजी खुर्चीत बसलेत, धडधाकट," कस्तुराबाई पुढे म्हणाली. "कुंकू पुसल्यानं नवरा जात असता, तर लावल्यानं माझा राहिला नसता का? मी काय कमी लावत होते?"

सुपातले तीळ तसेच राहिले. केवळाबाई उठली, न्हाणीत गेली आणि आपल्या हाताने कपाळ धुऊन आली. ओल्या कपाळाने ओसरीवर उभी राहून ओरडली, "आवो! झोपलाव का? उद्याच्या पहिल्या गाडीनं लातूरला जायचंय. तनूला फोन लावा!"

सटवाजी एवढा घाईने उठला, की धोतरात पाय अडकून पडता पडता वाचला.

काम अर्ध्या तासाचं निघालं. सुईची कळ मुंगी चावावी तेवढी. केवळाबाई टेबलावर आडवी पडून एकसारखी बोलत होती. घोडीची गोष्ट, नवरदेवाची गोष्ट, उकिरड्याची गोष्ट. डॉक्टर जेबा हसून बेजार. "मावशी, थोडं गप्प बसा. तुम्ही बोलता तेव्हा कपाळ हलतं, मला टाके घालायचेत."

दाराबाहेरून सटवाजी म्हणाला, "डॉक्टरबाई, ती बधिर करायची सुई एखादी घरी न्यायला मिळंल का? तोंडाच्या जवळ द्यायला?"

तनुजा खो खो हसली. केवळाबाईने आतूनच दम भरला, "बाहेर येते, मग बघते तुमच्याकडं!"

परतीच्या एसटीत मात्र खरी गंमत झाली. केवळाबाई खिडकीशी, कपाळावर पांढरी पट्टी, कुंकू नाही. मागच्या बाकावरच्या एका बाईने वाकून बघितलं, चुकचुकली आणि हळूच विचारलं, "कधी झालं हो?"

"आजच झालं. दहा वाजता," केवळाबाई म्हणाली. तिला वाटलं, ऑपरेशनचं विचारतेय.

"अगं बाई! अन् लगेच गाडीत? फार तरास झाला का?"

"लई न्हाई. मुंगी चावल्यावानी. तुकडा तपासायला पाठवलाय."

बाईने तोंडाला पदर लावला. "तुकडा?"

शेजारी शेंगा फोडत बसलेला सटवाजी तेव्हा मागे वळला. "माय, मी तिचा मालक. अजून हाय. शेंगा खाता का?"

अख्खी गाडी हसली! कंडक्टरचं तिकिटाचं मशीन हातातून पडायचं राहिलं. ती बाईसुद्धा शेंगा घेऊन हसायला लागली. केवळाबाईही हसली. पण बाई उतरताना तिने एक पाहिलं. बाईने आपल्या लेकीला, नव्या नवरीला, केवळाबाईच्या अंगाला लागू न देता पलीकडून उतरवलं. नवरा जिवंत आहे हे कळल्यावरही! नुसतं कपाळ मोकळं म्हणून!

केवळाबाई खिडकीबाहेर बघत राहिली. "आवो," ती हळूच म्हणाली, "मला एकाच गाडीत एवढं लागलं. त्या कस्तुरीनं बारा वर्सं कसं काढलं असंल?"

सटवाजीने सोललेल्या शेंगा तेवढ्या तिच्या तळहातावर ठेवल्या.

भोगीच्या दिवशी दुपारी तनुजाचा फोन आला. घरात बाजरीच्या भाकरी चाललेल्या, सगळ्यांचे हात पिठाचे. फोन स्पीकरवर.

"आज्जे, रिपोर्ट आला. ते कॅन्सरचंच होतं. हळू वाढणाऱ्या जातीचं. पण सगळं निघालंय, कडा साफ हायेत! डॉक्टर म्हणल्या, आता औषध न्हाई, काही न्हाई. सहा महिन्याला नुसतं दाखवून जायचं, अन् उन्हात पदर घ्यायचा. अजून दोन-चार वर्सं झाकून ठेवलं असतं, तर हाडापर्यंत गेलं असतं म्हणल्या."

घरात एक क्षण भाकरी करपल्याचाही वास कुणाला आला नाही. मग सटवाजी उठला, आणि सत्तरीपुढच्या माणसाने चुलीपुढे एक गिरकी घेतली. गिरकी! सुना तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. केवळाबाईने पिठाच्या हातानेच कस्तुराबाईचा हात धरला आणि म्हणाली, "उद्या लाडू मी वळते. तू बाहेर बसायचं."

संक्रांतीला ओसरी भरली. शंभराच्या वर बाया. केवळाबाई मधोमध, कपाळावर ताजा गुलाबी व्रण, कुंकवाचा ठिपकासुद्धा नाही. तिच्या शेजारी पाटावर कस्तुराबाई, आणि कस्तुराबाईच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा.

कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी उठून म्हणाली, "केवळे, हे काय चालवलंस? हिच्या हातनं कुंकू लावून घ्यायचं?"

केवळाबाईची जीभ काही ऑपरेशनमध्ये गेली नव्हती. "का गं? माझं कपाळ हिच्यामुळं वाचलं. ह्या गावात कपाळाची पारख हिच्याएवढी कुणाला हाय? ज्या बाईला नको असंल, तिनं लाडू ठेवून वाटेला लागावं. लाडूबी मी हिच्याकडनंच शिकले!"

कुणी हललं नाही. मग आधी पुढे आली ती केवळाबाईची थोरली सून, जिची दोन बाळंतपणं कस्तुराबाईने केली होती. तिने कपाळ पुढे केलं. तिच्यामागे दुसरी, तिसरी. आणि शेवटी ती म्हातारीसुद्धा, "लाव बाई, लाव, माझे पाय दुखायलेत," म्हणत रांगेत उभी राहिली.

शेवटी केवळाबाईने करंडा हातात घेऊन कस्तुराबाईकडे बघितलं. "तुला लावू?"

कस्तुराबाई हसली. "नको आक्का. सवय राहिली न्हाई. मला हा पाट तेवढा दरसाल पायजे."

"दिला!" केवळाबाई म्हणाली. "जित्ती हाय तोवर दिला!"

मग वाण निघालं. दरवर्षी स्टीलची वाटी नाहीतर प्लास्टिकचा डबा. या वर्षी टोपलीत होते हातात मावणारे गोल आरसे. बाया उलटसुलट करून बघायला लागल्या.

"बायांनो," केवळाबाई उभी राहिली, "हा आरसा पावडर लावायला न्हाई. न्हाऊन आलं की कपाळ बघा, कानामागं बघा, मान बघा. पाठीला जावेला बघायला सांगा, तेवढंच भांडण कमी होईल. कुठं नवा मस उगवला, जुना वाढला, रंग बदलला, चिघळला, रगत आलं, तर घोडीच्या मागं लागू नका! सरळ कातडीच्या डॉक्टरला दाखवा. ते नटव्यांचं दुकान न्हाई, ते जगणाऱ्यांचं दुकान हाय."

ओसरीवर हसू फुटलं. कोपऱ्यातून एका तरण्या सुनेने भीत भीत कानामागचे केस बाजूला केले. "मामी, हे बघा की. चार महिने झाले. सांगायची लाज वाटत होती."

केवळाबाईने चष्मा पुसला आणि कस्तुराबाईला हाक मारली. "कस्तुरे, ये बघू. दोघी मिळून बघू."

केवळाबाईचं आता बरं चाललंय. तीन आठवडे झाले, डॉक्टरने परवानगी दिली. केवळाबाई पुन्हा कुंकू लावते, पण मेणाशिवाय, व्रणाच्या खाली, मुगाच्या दाण्याएवढं. कुणी विचारलंच, की तो बंदा रुपया कुठे गेला, तर म्हणते, "मोडला. सुट्टे गावात वाटले."

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी आरसा असेलच. कुंकू लावा किंवा लावू नका, ती ज्याची त्याची मर्जी. पण दुखणं झाकायला कुंकू वापरू नका, आणि माणूस झाकायला दार वापरू नका. झाकलेलं दुखणं आत वाढतं, आणि दाराआड बसवलेल्या माणसाकडेच नेमकं त्याचं औषध असतं!